निम्मेकाकूंचा एकगठ्ठा

निम्मेकाकू हे नाव मुळात कुणी ठेवलं, यावर गल्लीत एकमत नव्हतं. दोन दुकानं सोडून असलेला आरसेवाला म्हणायचा, ते माझं डोकं. समोरचा कुलूपवाला म्हणायचा, हा तेव्हा गल्लीत आलासुद्धा नव्हता. नाव मात्र असं चपखल बसलं होतं की खुद्द काकूंच्या नवऱ्याने एकदा गिऱ्हाइकाशी बोलताना "किंमत निम्मेकाकूंना विचारा" म्हणून टाकलं, आणि मग दिवसभर त्यांना चहा मिळाला नाही.

कारण उघड होतं. कुणी कशाचीही किंमत सांगितली की काकूंचं पहिलं वाक्य ठरलेलं, "निम्म्यात द्या." मग ते जुनं कपाट असो, नवा झाडू असो, नाहीतर दात काढायची फी असो. दाताच्या डॉक्टरांशी त्यांनी तोंडात कापूस असताना घासाघीस केली होती, अर्थातच बोटांनी. डॉक्टरांनी शेवटी थोडे पैसे कमी केले, ते दयेने की भीतीने, ते डॉक्टरांनाच ठाऊक.

काकूंचं दुकान जुन्या फर्निचरचं. लांबोळकी, अरुंद खोली. पुढे विकायला तयार झालेला माल, मध्ये एकमेकांच्या मांडीवर बसलेल्या खुर्च्या, आणि अगदी मागे, अंगणाच्या दाराशी, काकांची जागा. तिथे लाखेचे डबे, स्पिरिटच्या बाटल्या, काचकागदाचे तुकडे आणि दोरीवर वाळत घातलेली फडकी. काका पॉलिश करायचे. काकूंनी पडेल भावात उचलून आणलेलं मरगळलेलं टेबल काकांच्या हाताखालून गेलं की असं झळकायचं, की विकणाऱ्याने परत येऊन पाहिलं तर ओळखलं नसतं. नफा घासाघिशीत नसून फडक्यात आहे, असं कुलूपवाला एकदा बोलला होता. काकूंनी त्याच्याकडून महिनाभर किल्ली करून घेतली नाही.

त्या दुकानातून किती सामान गेलं याची मोजदाद नाही, पण एक वस्तू सांगितलीच पाहिजे. एका घराच्या सामानात एकदा रुंद हातांची, वेताच्या विणीची एक आरामखुर्ची आली. काकांनी ती बरेच दिवस लावून, जीव ओतून केली. झाली तरी पुढे नेऊन ठेवेनात. दुपारी काम आटोपलं की तिच्यात बसायचे, डोळे मिटायचे. "हिच्यात बसलं की खोकला येत नाही," म्हणायचे. "काम न करता बसलं की कुणालाच येत नाही," काकू म्हणायच्या. मग एक दिवस एक निवृत्त न्यायाधीश आले, त्यांनी खुर्चीची किंमत विचारली, आणि काकूंनी सांगितले तेवढे पैसे एका शब्दाचीही घासाघीस न करता टेबलावर ठेवले. काकूंनी ते दोनदा मोजले. खुर्ची गेली. काका मागून फडक्याला हात पुसत आले, रिकामी जागा पाहिली आणि एवढंच म्हणाले, "बरी किंमत आली." काकूंना ते वाक्य आवडलं नव्हतं, पण का आवडलं नाही हे शोधायला त्यांना तेव्हा सवड नव्हती.

काकूंना एकच मुलगी. तिने लग्न केलं ते चष्म्याच्या दुकानात काचा बसवणाऱ्या एका शांत मुलाशी. त्या दुकानात गल्ल्यामागे मोठी पाटी होती, "भाव एकच." ती पाटी पाहून काकूंना कुणीतरी आपल्यालाच उद्देशून लिहिल्यासारखं वाटलं. हा मुलगा पहिल्यांदा घरी आला तेव्हा फळं घेऊन आला.

"कितीला घेतली?" काकूंनी विचारलं.

त्याने सांगितलं.

"हे फळवाल्याने सांगितले. दिली कितीला?"

"तेवढ्यालाच."

काकू आत गेल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पोरगा गुणाचा आहे हो. पण बाजारात पाठवायच्या कामाचा नाही."

आणि मग काकांचा खोकला वाढला. लाख, स्पिरिट आणि लाकडाची धूळ इतकी वर्षं छातीत गेली होती, तिने आता आपलं भाडं मागायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, अजून काही बिघडलेलं नाही, पण हे काम सोडा. काका म्हणाले, "सोडतो की," आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणाच्या दाराशी बसून एका पलंगाचे पाय घासू लागले. सोडणार कसं? बाहेरचा पॉलिशवाला लावायचा तर तो नफ्यातला मोठा वाटा घेऊन जाणार. साठवलेले पैसे बँकेत होते, पण ते गोगलगाईच्या गतीने वाढत होते. काकूंनी एका दुपारी मनाशी हिशेब केला. त्या चालीने काकांच्या हातातलं फडकं सुटायला काका ऐंशीचे व्हावे लागले असते.

त्या दिवसापासून काकूंच्या डोक्यात एकच गोष्ट बसली: ह्यांचं फडकं सुटलं पाहिजे, आणि तेही लेकीपुढे हात न पसरता.

पहिला प्रयत्न त्यांनी आरसेवाल्याच्या सल्ल्याने केला. त्याला कुणीतरी एका कंपनीचं नाव सांगितलं होतं, "डोळे मिटून दुप्पट." काकूंनी डोळे मिटून थोडे शेअर घेतले, आणि उघडले तेव्हा कंपनीला टाळं लागलं होतं. आरसेवाल्याचे स्वतःचेही बुडाले होते, म्हणून भांडण झालं नाही. दोघांनी एकमेकांना चहा पाजला आणि विषय मिटवला.

पण जावयाच्या कानावर ते गेलं. सुट्टीच्या दिवशी सगळे त्याच्या घरी जेवायला जमले असताना, ताटं उचलल्यावर तो भीत भीत म्हणाला, "आई, एक सांगू? मी काही वर्षं ईटीएफमध्ये पैसे टाकतोय."

"ते काय असतं?"

"फंडच असतो. फरक इतकाच, की तो शेअरसारखा बाजारात विकत घ्यायचा. एक युनिट घेतलं की त्यात बाजारातल्या मोठ्या मोठ्या सगळ्या कंपन्यांचा थोडा थोडा तुकडा येतो. कुठली कंपनी चांगली, हे शोधत बसायचं नाही. ठरलेल्या यादीतल्या सगळ्या घ्यायच्या, ज्या त्या प्रमाणात. यादी बदलली की फंड आपोआप बदलतो."

"सगळ्या? म्हणजे टाकाऊसुद्धा?"

"टाकाऊसुद्धा. एखादी बुडते, एखादी वर जाते."

काकूंनी टेबलावर हात आपटला. मुलीला वाटलं आता काहीतरी बोलणार; बोलल्याच, पण वेगळंच. "म्हणजे अख्खं घर उचलायचं!"

त्यांच्या धंद्यात तसं म्हणत. एखादं कुटुंब घर सोडून जातं, तेव्हा एकेक वस्तू विकत बसत नाही. सगळं सामान एकगठ्ठा, एका किमतीला उचलून न्या म्हणतं. त्यात एक नामी कपाट असतं, चार बऱ्या खुर्च्या असतात, आणि एक तीन पायांचं स्टूल असतं ज्याला कुत्रं विचारत नाही. नव्या असताना काकू हुशारीने एकेक वस्तू निवडून घ्यायच्या, आणि निवडलेल्यांपैकी निम्म्या दुकानात धूळ खात पडायच्या. अख्ख्या घराच्या सौद्यात मात्र त्यांना सहसा खोट आली नव्हती. जी वस्तू विकली जाणार नाही असं वाटायचं तीच आधी जायची, आणि तीन पायांच्या स्टुलाचं नुकसान कपाट भरून काढायचं.

"हे मला कळतं," काकू म्हणाल्या. "हे तू आधी का नाही सांगितलंस?"

जावई आधी का बोलला नाही, हे त्या टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी सांगितलं नाही इतकंच. तो घाईने पुढचं बोलला, "पण आई, हे वर-खाली होतं. कधी कधी खूप खाली. पुढच्या पाच-सात वर्षांत लागतील असे पैसे त्यात घालायचे नाहीत."

"मग निम्मे घालू," काकू म्हणाल्या. "निम्मे बँकेत राहू देत." हा निर्णय त्यांनी शहाणपणाने घेतला की सवयीने, ते सांगता येणार नाही, पण जावयाला तो पटला.

खातं उघडलं. पैसे जमा झाले. जावयाने सांगितलं होतं की थोडे थोडे करून, दर महिन्याला घ्यायचे. पहिल्या खरेदीच्या दिवशी काकू दुकानात एका उंच स्टुलावर बसल्या, जावई शेजारी उभा राहिला, आणि फोनच्या पडद्यावर युनिटची किंमत आली.

"निम्म्यात माग," काकू म्हणाल्या.

"आई, असं नसतं."

"मागायला काय जातं?"

सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा यंत्राने वाद घातलेला बरा, असा विचार करून त्याने निम्मी किंमत टाकली. क्षणात उत्तर आलं: ऑर्डर नाकारली, किंमत मर्यादेबाहेर.

"कोण म्हणतं?"

"बाजार."

"लाव त्याला फोन."

मागे काका हसले आणि त्यांना ठसका लागला. जावयाने पुन्हा समजावलं. "समोर कुणी एक माणूस नसतो आई. म्हणजे असतात, हजारो असतात, पण आपल्याला दिसत नाहीत. हे बघा, इकडे घेणारे काय द्यायला तयार आहेत, आणि इकडे विकणारे काय मागतायत." त्याने दोन रांगा दाखवल्या. काकूंनी चष्मा पुसून पाहिलं. घेणाऱ्यांची किंमत आणि विकणाऱ्यांची किंमत जवळजवळ एकमेकींना चिकटलेल्या होत्या.

"एवढ्याशा फरकात ही माणसं जगतात कशी?" काकूंना खरोखर वाईट वाटलं.

"खूप लोक घेतात-विकतात ना, म्हणून फरक कमी राहतो. ते आपल्या फायद्याचंच आहे."

"तोंड न दाखवता माल विकणारा माणूस कुणाच्या फायद्याचा नसतो," काकू म्हणाल्या, आणि आपला फोन त्याच्या हातातून घेऊन, "जा तू आता, दुकानाला उशीर होईल," असं सांगून त्याची बोळवण केली. पुढचं त्या स्वतः बघणार होत्या.

आता त्यांनी काय पाहिलं ते ऐका. निम्म्यात देत नाही म्हणतो ना, बरं. थोडं कमी मागू. सकाळी बाजार उघडला की त्या चालू किमतीपेक्षा जराशी कमी किंमत टाकायच्या आणि फोन कपाटाच्या फळीवर पालथा ठेवायच्या. हा त्यांचा हुकमी डाव होता. दुकानदाराला किंमत सांगायची, तो नाही म्हणाला की पाठ फिरवायची, आणि सावकाश चालू लागायचं, चार पावलांत मागून हाक येते, "अहो काकू, या, घेऊन जा!" तीस वर्षांत ही हाक चुकली नव्हती. काकू फोन पालथा ठेवायच्या, एखादी खुर्ची पुसायच्या, मुद्दाम दुसरीकडे बघायच्या, आणि मग हळूच फोन उलटा करायच्या. हाक आलेली नसायची. संध्याकाळी बाजार बंद व्हायचा आणि त्यांची ऑर्डर विरून जायची.

"आज अकड आहे त्याला," त्या म्हणायच्या. "उद्या येईल गुमान."

उद्याही यायचा नाही. कधी बाजार एक पाऊल खाली उतरायचा, तेव्हा काकूंची मागणी दोन पावलं खाली जायची. कारण समोरचा नरमला की आणखी दाबायचं, हे तर धंद्यातलं पहिलं कलम. आरसेवाला रोज चहाच्या वेळी विचारायचा, "काय काकू, झाला का सौदा?" आणि काकू ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत. असे आठवडे गेले, महिने गेले. बाजार आपला कुरकुरत, अडखळत वर चढत राहिला, आणि काकू त्याच्याकडे पाठ करून फर्निचर पुसत राहिल्या.

हे फुटलं ते पुन्हा जेवणाच्या टेबलावरच. मुलीने सहज विचारलं, "आई, वर्ष होत आलं की. किती युनिट झाली?"

काकूंनी पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला. पुन्हा उचलला.

"आई?"

"सौदा चाललाय," काकू म्हणाल्या.

"वर्षभर?"

तेवढ्यात काकांचा खोकला सुरू झाला. एरवी दुकानात रंध्याच्या, हातोडीच्या आवाजात तो मिसळून जायचा. इथे तो एकटाच होता, लांबलचक, कोरडा. काका हाताने "काही नाही, काही नाही" करत राहिले. खोकला थांबल्यावर काकूंनी जावयाकडे न बघता विचारलं, "पहिल्या दिवशी सांगितली किंमत देऊन घ्यायला सुरुवात केली असती तर?"

"जाऊ द्या ना आई."

"आकडा सांग."

त्याने सांगितला. खालच्या आवाजात हेही सांगितलं की यात नशिबाचाही भाग आहे, बाजार खालीही जाऊ शकला असता. काकूंनी नशिबाचं वाक्य ऐकलंच नाही. त्यांनी आकडा मनातल्या मनात पॉलिशवाल्याच्या मजुरीने भागला, आणि उत्तर महिन्यांत आलं.

"म्हणजे दोन-दोन पैसे वाचवायच्या नादात मी ह्यांना इतके महिने जास्त खोकायला लावलं," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायची त्यांनी काही खटपट केली नाही. "इतकी वर्षं मी समजत होते, सांगितली किंमत देणारा मूर्ख असतो."

"मूर्ख नाही," काका म्हणाले. "तो लवकर घरी जातो."

जावई एकदम हसला आणि एकदम थांबला. पण काकूही हसल्या, नाक पुसत पुसत, आणि घरातली हवा मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी बाजार उघडून सगळं स्थिरस्थावर झाल्यावर काकूंनी विकणाऱ्यांच्या रांगेतली पहिली किंमत वाचली, तीच टाकली, डोळे मिटले आणि बोट दाबलं. डोळे उघडले तर युनिट खात्यात. ना आरडाओरड, ना पाठ फिरवणं, ना हाक. "एवढंच?" त्या म्हणाल्या. त्यांना जरा फसवल्यासारखं वाटलं. पण पुढच्या महिन्याच्या त्याच तारखेला त्यांनी पुन्हा बोट दाबलं, आणि त्याच्या पुढच्याही.

घासाघिशीची खोड अशी एका दिवसात जाते थोडीच. ती दुसरी वाट शोधू लागली. जावयाने बोलता बोलता सांगितलं की फंड चालवणारे दर वर्षी थोडा खर्च कापून घेतात, आणि एकाच यादीवर चालणारे फंड वेगवेगळा खर्च लावतात. काकू ताडकन उठून बसल्या. "माल तोच आणि हमाली वेगळी?" मग त्यांनी सगळ्यांची हमाली काढली. जावयाने एवढंच बघायला लावलं, की सगळ्यात स्वस्त म्हणून जिथे कुणी फिरकत नाही असा फंड घेऊ नका. तिथे घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या किमतीत मोठी फट पडते आणि वाचवलेलं सगळं त्या फटीत जातं. हे काकूंना समजावून सांगावं लागलं नाही. आडगल्लीतल्या दुकानात स्वस्त माल का महाग पडतो, ते त्या जाणून होत्या. त्यांनी बेताच्या खर्चाचा, गर्दीचा फंड निवडला. वर खातं सांभाळणाऱ्या कचेरीत फोन केला, कारण तिथे एकदाचं माणूस होतं, आणि त्या माणसाला इतका वेळ बोलत ठेवलं की त्याने वर्षाची फी निम्मी केली. त्या दिवशी काकूंनी गल्लीत पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

वर्षं गेली. मध्ये एकदा बाजार धाडकन पडला. जगात काहीतरी बिनसलं होतं, आणि काकूंचा एकगठ्ठा बघता बघता एक तृतीयांशाने आटला. आरसेवाला तोंड पाडून फिरत होता. नेमका त्याच वेळी काकांचा खोकला बळावला. काकू भर दुपारी दुकान काकांवर सोडून चष्म्याच्या दुकानात गेल्या, "भाव एकच"च्या पाटीखाली उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "विकून टाक सगळं. उरलंय ते तरी हाती येऊ दे."

जावई काच घासत होता. त्याने यंत्र बंद केलं. "नाही आई," तो म्हणाला.

लग्न झाल्यापासून तो त्यांना कधी नाही म्हणाला नव्हता.

"गिऱ्हाईक नसतं तेव्हा तुम्ही कपाटं निम्म्यात काढता का?"

"मला काय वेड लागलंय? चादर टाकून ठेवते."

"मग टाका चादर. आणि बाबांना दोन महिने आमच्याकडे पाठवा. बँकेतल्या पैशांतून तेवढ्यापुरता पॉलिशवाला लावा. बँकेतले निम्मे त्याचसाठी तर ठेवलेत."

काकू परत निघाल्या आणि दारात थांबल्या. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुम्ही बाजारात पाठवायच्या कामाचे आहात." मुलीने नंतर सांगितलं की त्या रात्री तो जेवताना उगाचच हसत होता.

काकूंनी फोनवर खरोखरच चादर टाकली. एका उशीच्या अभ्र्यात घालून ठेवला आणि महिन्यातून एकदा, खरेदीपुरता, बाहेर काढला. पडलेल्या भावात युनिटं जास्त यायची, याचा आनंद मात्र त्यांनी लपवला नाही. बाजार पुढे सावरला, आणि सावरायला त्याने त्याचा वेळ घेतला.

आणि एका वसंतातल्या सकाळी, जावयाने आणि त्यांनी मिळून तीनदा हिशेब तपासल्यावर, काकूंनी पहिल्यांदा थोडी युनिटं विकायला काढली. वर्षभराच्या पॉलिशवाल्याची मजुरी, आणि वर थोडे. विकताना दुप्पट सांगायची, ही त्यांची दुसरी सवय. बोट जरा अडखळलं. मागे काका एका टेबलावर शेवटचा हात फिरवत होते. काकूंनी घेणाऱ्यांची किंमत वाचली, तीच टाकली, आणि युनिटं गेली. मग मागे जाऊन त्यांनी काकांच्या हातातून फडकं काढून घेतलं.

"अजून एक हात राहिलाय," काका म्हणाले.

"तो राहू दे आता."

काकांनी फडक्याकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. मग अंगणाच्या दाराशी जाऊन स्वच्छ हवेत उभे राहिले. आता पुढे काय करायचं असतं, ते त्यांना माहीत नव्हतं.

काकूंना माहीत होतं. ते निवृत्त न्यायाधीश मुलाकडे राहायला गेले होते आणि त्यांचं अख्खं घर, आत मोठे आरसे होते म्हणून, आरसेवाल्याने उचललं होतं. वेताची खुर्ची दोन दिवसांपासून त्याच्या दुकानाच्या तोंडाशी उभी होती. विकलेल्या युनिटांचे पैसे हाती आल्याबरोबर काकू तिथे गेल्या.

"कितीला?"

आरसेवाला काकूंना निम्मं आयुष्य ओळखत होता. त्याने मनातल्या किमतीची दुप्पट केली आणि आकडा सांगितला.

काकूंनी पिशवीतून पैसे काढले, मोजले आणि गल्ल्यावर ठेवले. सगळे.

आरसेवाल्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. दुकानातल्या सगळ्या आरशांत तो एकाच वेळी उतरला. "काकू," तो घाबरून म्हणाला, "बरं वाटतंय ना?"

"उत्तम."

"मग निम्म्यात मागा की!"

"नाही मागत."

"अहो, एकदा मागून तर बघा. मागायला काय जातं?"

"वेळ जातो, बाबा," काकू म्हणाल्या. "आणि मला ती खुर्ची आज दुपारी घरात हवी आहे."

त्यांनी खुर्चीला हात घातला. समोरून कुलूपवाला धावला, दोघांनी मिळून ती उचलली. चार पावलं गेली नसतील, तोच मागून हाक आली, "अहो काकू!" आरसेवाला हातात निम्मे पैसे घेऊन पळत येत होता. "घ्या हे. मी तुमच्यासाठी दुप्पट सांगितली होती. माझ्याच्याने ठेवून घ्यायला होत नाही."

"मला ठाऊक होतं," काकू म्हणाल्या. पैसे मात्र त्यांनी घेतले.

खुर्ची अंगणाच्या दाराशी ठेवली. काकांनी तिच्या हातांवरून बोट फिरवलं. उजव्या हातावर कुणीतरी ओला पेला ठेवल्याचा पांढरा गोल डाग होता. "न्यायाधीश झाले म्हणून काय झालं," ते पुटपुटले आणि सवयीने फडक्यासाठी हात लांब केला.

"खबरदार!" काकू ओरडल्या.

काका बसले. बराच वेळ डोळे मिटून बसले. काकू शेजारच्या स्टुलावर बसून त्यांच्या श्वासाकडे लक्ष देत होत्या. शेवटी डोळे न उघडताच काकांनी विचारलं, "कितीला घेतलीस?"

"त्याने सांगितली तेवढ्याला."

काकांनी एक डोळा उघडून पाहिलं, थट्टा नाही हे त्यांना कळलं. त्यांनी डोळा मिटला आणि पाय लांब केले.

"बरी किंमत दिलीस," ते म्हणाले.